पडकी घरे आणि कायद्याचे टेकू



वसंतातल्या या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे ही जुनी रीत आहे. आम्ही विद्वान नव्हे. 1982 च्या गिरणी संपानंतर घरात पगार येईनासा झाला आणि आमची शाळा आठव्या इयत्तेत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि मोफत वाचनालयाच्या बाकावर. कायदा तर आम्ही पुस्तकांतून कमी आणि चाळीच्या जिन्यात चिकटवलेल्या नोटिशींतून अधिक शिकलो. तेव्हा आजच्या विषयाची मांडणी वकिली थाटाची होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

विषय आहे मोडकळीस आलेल्या घरांचा आणि त्यांच्यासाठी झालेल्या कायद्यांचा. दर पावसाळ्यात मुंबईत एखादी इमारत कोसळते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येते की, इमारत धोकादायक असल्याची नोटीस आधीच दिली होती, पण रहिवाशांनी जागा सोडली नाही. ते वाचून बाहेरचा माणूस म्हणतो, काय अडाणी लोक आहेत! छप्पर डोक्यावर येते आहे हे दिसत असून बसून राहतात. आम्हाला मात्र या प्रश्नाने अनेक वर्षे छळले आहे. ज्या माणसाला गिरणीच्या पट्ट्याचा आवाज बदलला की यंत्र बिघडल्याचे कळत होते, त्याला आपल्या घराची तुळई वाकल्याचे कळत नसेल काय? कळत असते. मग तो का निघत नाही? याचे उत्तर शोधायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. मुंबईपुरताच हा शोध आम्ही घेणार आहोत. कारण तेच शहर आम्हाला ठाऊक आहे.

घर मोडकळीस येते म्हणजे काय होते

जुनी चाळ एका दिवसात पडत नाही. सागवानी खांब, त्यांवर तुळया, मधल्या पोकळीत विटा आणि चुना, वर मंगलोरी कौले, अशी तिची बांधणी. लाकूड कोरडे राहिले तर शंभर वर्षांनाही दाद देत नाही. त्याचा वैरी पाणी. मोरीतली लादी फुटते, पाणी झिरपत झिरपत भिंतीत शिरते, तुळईचे भिंतीत रुतलेले टोक कुजते, आणि हे सारे आतल्या आत चालते. पहिल्या वर्षी लादी बदलली तर थोडक्यात भागते. दहाव्या वर्षी तुळई बदलावी लागते. तिसाव्या वर्षी बदलायला काही उरत नाही. तेव्हा पडक्या घराचा प्रश्न हा मुळात वेळेवर न झालेल्या लहान दुरुस्तीचा प्रश्न आहे. ती दुरुस्ती कोणी करायची आणि तिचे पैसे कोणी द्यायचे, एवढ्यावरच पुढचा सारा इतिहास घडला.

सरकारने या बाबतीत पहिला अधिकार दिला तो नगरपालिकेला. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यातील 354 वे कलम आजही चाळीचाळींत लोकांना तोंडपाठ आहे. मोडकळीस आलेली इमारत पाडा, टेकू द्या किंवा दुरुस्त करा, असे मालकाला बजावण्याचा अधिकार या कलमाने आयुक्तांना मिळाला. कलम चांगले आहे. परंतु त्यातला सारा व्यवहार आयुक्त आणि इमारत यांच्यामधला. आत राहणारा माणूस बाहेर पडल्यावर जातो कुठे, याचा त्या काळच्या कायदेकर्त्यांना विचार पडला नाही. ही उणीव बीजरूपाने तिथे होती; पुढे तिचा वृक्ष झाला.

प्लेग आणि सुधारणा

1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आढळला. सरकारची समजूत अशी की, रोग घरात राहतो. म्हणून घरावर स्वारी झाली. कौले उतरवून ऊन आत सोडण्यात आले, भिंतींना चुना फासला गेला आणि कित्येक घरांवर यू. एच. एच. अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. माणसांनी राहण्यास अयोग्य, असा त्यांचा अर्थ. ज्यांना इंग्रजी येत नव्हते त्यांनाही ती अक्षरे बरोबर कळली. गिरणी कामगारांचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे याच साथीत, लोकांची सेवा करीत असता, 1897 च्या फेब्रुवारीत वारले. कामगार चळवळीचा पहिला माणूस घरांच्या दैन्यातून उसळलेल्या रोगाने नेला, ही गोष्ट आम्ही नव्या कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगतो.

या साथीतून 1898 चा मुंबई शहर सुधारणा कायदा जन्मला आणि सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. कल्पना विलायतेतून आलेली. ग्लासगो शहराने 1866 मध्येच असा ट्रस्ट काढून जुन्या वस्त्या पाडायला आरंभ केला होता. मुंबईच्या ट्रस्टला वस्तीची वस्ती ताब्यात घेण्याचा अधिकार होता. नागपाड्यापासून त्याने काम सुरू केले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढून समुद्राची हवा शहरात आणली. दादर आणि माटुंगा येथे नव्या वस्त्यांची आखणी केली. ही कामे थोर होती यात शंका नाही. आज दादरच्या झाडांच्या सावलीत चालणाऱ्याने ट्रस्टचे आभार मानले पाहिजेत. पण नागपाड्यातला ज्याचा गाळा पाडला, तो दादरच्या नव्या घरात गेला नाही. तेथले भाडे त्याला झेपणारे नव्हते, आणि गिरणीचा भोंगा वाजल्यावर पायी पोहोचता येईल एवढ्या अंतरावर राहणे त्याला भाग होते. तो शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत घुसला. ट्रस्टने काही चाळी बांधल्या, पण पाडण्याचा वेग बांधण्याहून अधिक राहिला. 1911 च्या खानेसुमारीत शहरातल्या दर दहा माणसांपैकी सुमारे सात माणसे एका खोलीच्या घरात राहत होती. एक गलिच्छ वस्ती हटवायची आणि तिच्या शेजारची दाटवायची, असे हे चक्र होते. 1933 साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

मध्यंतरी 1920 साली गव्हर्नर लॉईड यांनी विकास खाते काढले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. त्यातल्या सोळा हजारांच्या आसपास झाल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथल्या 207 चाळी त्या ह्याच. 160 चौरस फुटांची खोली, सिमेंटच्या जाड भिंती, सार्वजनिक संडास. तुरुंगासारख्या दिसतात म्हणून लोक हसले. पण पुढे त्यांत तीन पिढ्या वाढल्या. त्यांच्याकडे आम्ही शेवटी पुन्हा वळू.

गोठलेले भाडे

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस भाडी भडकली तेव्हा 1918 साली भाडेनियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आले, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभाडे, असे ठरले. या कायद्याने लक्षावधी गरिबांचे संसार वाचवले. तो नसता तर आमच्या वडिलांसारखी माणसे गिरणगावात टिकलीच नसती. ही गोष्ट प्रथम मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. कारण अलीकडे भाडेनियंत्रणाला शिव्या देणे हे शहाणपणाचे लक्षण मानले जाऊ लागले आहे.

परंतु आकडे कोणाच्या बाजूचे नसतात. समजा, चाळीस खोल्यांची चाळ आहे आणि खोलीला महिना बारा रुपये भाडे आहे. वर्षाचे उत्पन्न 5,760 रुपये. त्यातून पालिकेचे कर, दिवाबत्ती, झाडूवाला. 1950 साली यातून जिन्याची फळी बदलता येत होती. 1980 साली त्याच पैशांत सुताराची मजुरीही भागेना. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावरच ठेवली होती. मालकाने ती टाळली तर नोटीस देऊन भाडेकरूंनी दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय होती. पण वळता करायचा तो वर्षाच्या भाड्याच्या ठराविक हिश्शापर्यंतच. बारा रुपयांच्या भाड्याचा हिस्सा तो किती? मालक म्हणे, उत्पन्न नाही, मी का खर्च करू? भाडेकरू म्हणे, मालमत्ता तुझी, मी का खर्च करू? दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, आणि मोरीचे पाणी दोघांचेही न ऐकता तुळईत मुरत होते.

यात आणखी एक मेख होती. खोली सोडताना भाडेकरू पागडी घेई, त्यातला वाटा मालक घेई. 1947 च्या कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरवला होता, पण व्यवहार मुकाट्याने चालूच राहिला. अर्थात मालकाला उत्पन्न अगदीच नव्हते असे नाही. पावतीवर दिसणारे उत्पन्न नव्हते. शिवाय जमिनीचा भाव दर वर्षी चढत होता. घर उभे असेपर्यंत भाडेकरूंचे, पडले की जमीन मोकळी, असा हिशेब ज्याच्या मनात आला, त्याने दुरुस्ती न करणे हाच धंदा केला. सर्वच मालक असे होते असे आम्ही म्हणत नाही. विधवा मालकिणी आम्ही पाहिल्या आहेत, ज्या आपल्याच चाळीच्या एका खोलीत भाडेकरूंइतक्याच हलाखीत राहत होत्या.

1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, एवढी वर्षे गोठलेले भाडे आता न्याय्य म्हणता येत नाही. त्यानंतर 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली, पागडीचा व्यवहारही कायद्यात बसवला गेला. पण तोवर तुळया कुजून गेल्या होत्या. बारा रुपयांवर चार टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस पैसे!

1969 चा कायदा

साठीच्या दशकात पावसाळ्यात घरे कोसळण्याचे प्रमाण इतके वाढले की राज्य सरकारला स्वस्थ बसवेना. 1968 साली बेडेकर समितीने पाहणी केली आणि 1969 साली मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. या कायद्याचा इतिहास नीट लिहिला गेला पाहिजे, असे आम्हाला वाटते. कारण नुसती नोटीस देऊन न थांबता सरकारने प्रथमच म्हटले की, मालकाला जमत नसेल आणि भाडेकरूला झेपत नसेल तर दुरुस्ती आम्ही करू.

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या, भाडेकरू असलेल्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवण्यात आला. तो घरपट्टीबरोबर महापालिकेने गोळा करायचा, त्याचा मोठा वाटा भाडेकरूंनी भाड्याबरोबर द्यायचा, राज्याने आणि पालिकेने आपली भर घालायची, आणि मंडळाने त्यातून इमारती दुरुस्त करायच्या. अशा इमारती मोजल्या तेव्हा 19,642 भरल्या. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या 16,502. त्यानंतर 1950 अखेरपर्यंतच्या 1,489. आणि पुढे सप्टेंबर 1969 पर्यंतच्या 1,651. पहिला आकडा पाहावा. सहा इमारतींतल्या पाच भाडे गोठण्यापूर्वी बांधलेल्या. 1977 च्या डिसेंबरापासून हे मंडळ गृहनिर्माण प्राधिकरणात, म्हणजे म्हाडात, सामील झाले.

या कायद्याने हजारो इमारती सावरल्या. भिंतीतली कुजकी लाकडे काढून लोखंडी गर्डर बसवले गेले. आज उभ्या असलेल्या कित्येक चाळी त्या गर्डरांवर उभ्या आहेत. पण कायद्यात एक मर्यादा होती. चौरस मीटरमागे ठराविक रकमेपर्यंतच दुरुस्ती मंडळाने करायची. खर्च त्याहून अधिक येत असेल तर एक तर रहिवाशांनी वरचे पैसे घालायचे, नाही तर इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असे ठरवून ती पाडायची, जमीन संपादन करायची आणि नवी बांधायची. तोवर रहिवाशांनी संक्रमण शिबिरात राहायचे. कागदावर हे चोख आहे. पण दुरुस्तीचा क्रम येईपर्यंत इमारत मर्यादेबाहेर जाई. पाडल्यावर नवी बांधायला पैसा नसे. आणि कधी प्लॉट इतका अरुंद निघे की त्यावर नियमात बसणारी इमारतच उभी राहत नसे. मग शिबिरात गेलेला माणूस शिबिरातच राही. पाच वर्षे, दहा वर्षे, वीस वर्षे. शीव, धारावी, गोरेगाव, मालवणी अशी नावे ऐकली की गिरगाव-परळच्या बायका गप्प होत, ते यामुळे.

एका चाळीची हकिगत

इथे आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. गिरणगावातली चाळीस खोल्यांची चाळ. 1998 च्या पावसाळ्यात पहिल्या मजल्याची गॅलरी कलली. एका सरकारी कचेरीतली माणसे आली आणि बल्ल्यांचे टेकू देऊन गेली. पंधरा दिवसांत पक्के काम सुरू होईल, असे सांगून गेली. ते टेकू नऊ वर्षे राहिले. पोरांनी त्यांना क्रिकेटच्या स्टंपा केल्या, बायकांनी दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले, आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटावर लोक पत्ता लिहू लागले, 'टेकूची चाळ'.

2007 च्या जूनमध्ये नोटीस आली : आठ दिवसांत जागा रिकामी करा. अंमलदार आले तेव्हा तळमजल्यावरच्या आक्का दाराशी उभ्या राहिल्या. वय सत्तरीचे, नवरा स्पिनिंग खात्यात होता, संपानंतर वारला. अंमलदार समजुतीने बोलत होता. "आजी, जिवाला धोका आहे. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"ते मला दिसतंय, साहेब," आक्का म्हणाल्या. "रात्री माती पडते ती माझ्याच अंथरुणावर पडते. तुम्ही एवढंच करा. परत कधी आणणार ते कागदावर लिहून द्या. आत्ता ताटवाटी उचलते."

अंमलदाराकडे असा कागद नव्हता. बाहेर काढण्याचा छापील नमुना होता, परत आणण्याचा नव्हता. तो माणूस वाईट नव्हता. तो खाली मान घालून उभा राहिला. आमच्या डोक्यातला अनेक वर्षांचा प्रश्न त्या दिवशी सुटला. माणूस पडक्या घराला चिकटतो तो मायेने नव्हे आणि अडाणीपणानेही नव्हे. मुंबईत त्याच्या नावावर एकच हक्क असतो, आणि तो हक्क त्या चार भिंतींत राहण्यात असतो. भिंतींबाहेर पाऊल टाकले की त्याच्यापाशी पिवळी पडलेली भाडेपावती तेवढी उरते.

त्या रात्री आम्ही चाळीच्या चौकात बैठक घेतली. युनियनमध्ये जे शिकलो तेच तिथे केले. प्रत्येक खोलीचे माप घेतले, राहणाऱ्यांची नावे लिहिली, भाडेपावत्या, शिधापत्रिका, वीजबिले यांच्या नकला जोडल्या, दारात उभे करून कुटुंबांचे फोटो काढले, आणि प्रत्येक पानावर शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या. ते बाड घेऊन चाळीसच्या चाळीस घरची माणसे कचेरीत गेली. एकटा गेला असता तर फाटकावरूनच परतला असता. अकराव्या दिवशी यादीवर कचेरीचा शिक्का आणि 'हे रहिवासी पात्र आहेत' अशी ओळ मिळाली. त्या ओळीवर चाळ रिकामी झाली. त्यानंतर दोन महिन्यांत गॅलरी कोसळली. खाली कोणी नव्हते. नव्या घरात यायला नऊ वर्षे लागली. आक्का तोवर राहिल्या नाहीत. त्यांचा मुलगा आला. पण आला तो त्याच यादीवरच्या ओळीने आला.

बाजार आणि न्यायालय

आता पुन्हा कायद्याकडे. 1986 साली विधिमंडळाने म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले. सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केली तर सरकारने इमारत संपादन करून त्यांना द्यावी, आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यावी, अशी ही तरतूद. मालक न्यायालयात गेले. तो वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात आणि तिथे मोठ्याहून मोठ्या पीठाकडे जात जात 2002 साली नऊ न्यायाधीशांपुढे ठेवला गेला. 5 नोव्हेंबर 2024 रोजी निर्णय आला की, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही केवळ खाजगी मालमत्ता आहे म्हणून समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. कायद्यापासून या निर्णयापर्यंत अडतीस वर्षे. तेवढ्या वर्षांत चाळीतला पाळण्यातला मुलगा प्रौढ होतो.

सरकारपाशी पैसा नाही आणि संपादन न्यायालयात अडकते, तेव्हा तिसरी वाट निघाली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 33(7) हा नियम आला. जुनी इमारत पाडून रहिवाशांना फुकट घर देणाऱ्याला जादा चटईक्षेत्र द्यायचे, ते त्याने बाजारात विकायचे आणि खर्च काढायचा. पुढे 1999 साली ही सवलत वाढवण्यात आली. या वाटेने पुष्कळ नवी घरे झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बिल्डर धावला तो जिथे भाव होता तिथे. रस्त्यावरच्या चाळीला चार-चार जण मागणी घालीत आणि आतल्या बोळातली चाळ तशीच कलत राही. शिवाय इमारत पाडून, दोन वर्षे भाडे देऊन, मग भाडे थांबवून पसार झालेल्यांची उदाहरणे गिरणगावात घरोघर आहेत. सरकारी शिबिराऐवजी आता माणूस विरार-बदलापूरच्या भाड्याच्या खोलीत अडकला, एवढाच फरक.

आणि इमारत कोसळली किंवा पाडली गेली तर भाडेकरूचा हक्क राहतो काय? 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले होते की, इमारतच पूर्ण नष्ट झाली तर भाडेपट्टाही संपतो. 2014 साली, महापालिकेने पाडलेल्या इमारतीच्या प्रकरणात, मोठ्या पीठाने हे मत बदलले. जमीन शिल्लक आहे तोवर हक्कही शिल्लक आहे, असे ठरवले. म्हणजे आक्का 2007 साली दारात अडून उभ्या होत्या तेव्हा त्यांची भीती कायद्याच्या दृष्टीनेही खोटी नव्हती!

दोष केवळ खाजगी मालकाचा, असे समजण्याचेही कारण नाही. 27 सप्टेंबर 2013 रोजी डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून 61 माणसे मेली. ती इमारत महापालिकेची होती आणि आत पालिकेच्याच नोकरांची कुटुंबे राहत होती. जी संस्था इतरांना 354 ची नोटीस देते, तिच्याच घराची ही गत. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडी बाजारात हुसैनी इमारत पडली, 33 जण गेले. ती रिकामी करण्यास सांगितलेले होते. काही कुटुंबे गेली होती, काही राहिली होती. राहिलेल्यांना मूर्ख म्हणण्यापूर्वी आक्कांचा प्रश्न आठवावा.

नवे कलम आणि जुनी उणीव

2020 साली म्हाडा कायद्यात 79-अ हे कलम विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती 2022 च्या अखेरीस मिळाली. इमारत धोकादायक ठरली की मालकाने सहा महिन्यांत पुनर्बांधणीचा प्रस्ताव द्यावा. न दिल्यास रहिवाशांच्या संस्थेला सहा महिने. त्यांनाही न जमल्यास मंडळाने ताबा घेऊन स्वतः बांधावे. अर्धवट सोडलेल्या कामांसाठी 91-अ हे वेगळे कलम आले. आजवरच्या कायद्यांत ही रचना आम्हाला सर्वांत समंजस वाटते, कारण तिच्यात मालक, रहिवासी आणि सरकार यांचा क्रम आणि मुदत दोन्ही ठरलेली आहेत. परंतु मंडळाने नऊशेहून अधिक इमारतींना घाईने नोटिसा काढल्या. धोकादायक ठरवण्याचा अधिकार मुळात कोणाचा, या मुद्द्यावर 2025 च्या जुलैत उच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. चांगले कलम आळशी कागदपत्राने कसे पंगू होते, याचा हा धडा आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरळीच्या विकास खात्याच्या चाळींतल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 फुटांतून 500 फुटांत. ती घरे सरकारी जमिनीवर होती, म्हणून खाजगी मालकाचा अडसर नव्हता, हे खरे. पण आणखी एक गोष्ट तिथे होती. रहिवाशांची यादी ठरली होती, आणि करार हातात पडल्याशिवाय खोली सोडायची नाही, असा आग्रह लोकांनी वर्षानुवर्षे धरला होता.

तेव्हा या सव्वाशे वर्षांच्या हिशेबातून आम्हाला एवढेच म्हणायचे आहे. 1888 पासूनच्या प्रत्येक कायद्याने पडके घर रिकामे कसे करावे हे नेमके लिहिले आणि माणूस परत कसा यावा हे मोघम ठेवले. हा क्रम उलटा झाला पाहिजे. नोटिशीच्या आधी पात्र रहिवाशांची यादी, मापासह, शिक्क्यासह. नोटिशीबरोबरच परतीचा करार. शिबिर शहराबाहेर नव्हे, शक्यतो त्याच भागात. दरमहा भाडे द्यायचे असेल तर ते बिल्डरच्या मर्जीवर न ठेवता आगाऊ अनामत ठेवून. आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी मोरीच्या लादीपासून पाहणी, म्हणजे तुळईपर्यंत वेळच येणार नाही. यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. एका म्हातारीने जिन्यात उभे राहून ती केली होती.

आणि एक गोष्ट कायदा करू शकत नाही. ती आपली आपणच करायची आहे. ज्या चाळीत कमिटी आहे, दर महिन्याला बैठक होते, कागद एका पेटीत नीट ठेवलेले आहेत, तिथे कायदा कामाला येतो. जिथे चाळीस घरांची चाळीस तोंडे आहेत तिथे उत्तमातले उत्तम कलमही जिन्यात चिकटवलेला कागदच राहते. आपल्यापैकी जे कोणी जुन्या इमारतीत राहत असतील, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढे करावे : शेजाऱ्याला हाक मारावी, आणि एका वहीत आपल्या मजल्यावरच्या खोल्या मोजून लिहायला सुरुवात करावी.